रायफलचा धक्का कमी कसा करावा? शिकार आणि टार्गेट, दोन्हीकडच्या जाणकारांची मदत हवी

विस्कॉन्सिनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं नवराबायको विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा मोसम असतो. शेजारच्या आजोबांमुळे आम्हाला याची गोडी लागली. दोघांनीही हंटर सेफ्टीचा कोर्स केला, रीतसर लायसन्स काढलं. मिळालेलं मांस घरीच खातो.

रायफल आहे .३०-०६ या काडतुसाची, बोल्ट अ‍ॅक्शन, प्लॅस्टिकचा दस्ता, दुर्बीण धरून ३.२ किलो. रानात दिवसभर वागवायला हलकी बरी म्हणून ही निवडली. काडतुसं १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). रेंजवर सुरुवातीच्या गोळ्या कागदावर छान एकत्र बसतात, मग पसरायला लागतात आणि बहुतेक खाली जातात. आजोबा शेजारी बसून बघतात. ते म्हणतात, चाप ओढायच्या आधीच खांदा पुढे येतो आणि डोळे मिटतात. बायकोला खांद्यापेक्षा खाली, छाती आणि काखेच्या मधे लागतं, काळंनिळं होतं.

दुकानदार म्हणतो मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला वळवणारी भोकांची टोपी, नळीच्या तोंडावर लावून घ्या. आजोबा म्हणतात ब्रेक लावलास तर माझ्या शेजारी बसू नकोस. नेमकं काय करावं? रायफल बदलायची वेळ आली तर तीही तयारी आहे, पण आधी कारण समजून घ्यायचंय. जखमी हरीण रानात हरवणं मला नको आहे, म्हणून हे मोसमाच्या आधी निस्तरायचं आहे.

---

गणिती_कारागीर

आधी हिशेब मांडतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

धक्का म्हणजे संवेगाचा जमाखर्च. तुमची गोळी ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर, म्हणजे संवेग ९.६. त्यात दारूचा वाटा मिळवायचा, हे पुष्कळ जण विसरतात. काडतुसात साधारण ३.६ ग्रॅम दारू असते. ती जळून झालेला वायू गोळीमागून सुटतो, तोही गोळीपेक्षा जास्त वेगाने. हिशेबाला पावणेदोन पट धरतात. त्याचे झाले ५.२. एकूण १४.८. हा सगळा संवेग उलट्या दिशेने ३.२ किलोच्या रायफलला मिळतो. म्हणजे ती सेकंदाला ४.६ मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात सुमारे ३४ ज्यूल ऊर्जा असते. रोजच्या सरावात २० ज्यूलच्या आसपासचा धक्का बहुतेकांना सहज सोसवतो, त्यापुढे अंग चोरायला सुरुवात होते. तुम्ही त्याच्या पाऊणपट आणखी वर आहात.

हीच ३.२ किलोची रायफल वेगवेगळ्या काडतुसांत असती तर काय झालं असतं, तेही काढलं. .२४३ ला सुमारे १६ ज्यूल, ६.५ क्रीडमूरला २०, ७ एमएम-०८ ला २३, १५० ग्रेनच्या .३०८ ला २५, आणि .३०० विनचेस्टर मॅग्नमला ५० च्या वर. हरणासाठी यातली कुठलीही पुरते, शेवटची तर गरजेपेक्षा जास्तच आहे.

आता वजनाचं बघा. संवेग तोच ठेवून रायफल एक किलोने जड केली, म्हणजे ४.२ किलो, तर ३४ चे २६ ज्यूल होतात. हलकी रायफल खांद्यावर वागवायला सुखाची, झाडायला नाही.

ब्रेकबद्दल एवढंच, की तो गोळीचं काही करू शकत नाही, फक्त वायूचा प्रवाह वळवतो. तुमच्या काडतुसात वायूचा वाटा ३५ टक्के आहे. मॅग्नममध्ये तो ४० च्या पुढे जातो, म्हणून तिथे ब्रेक जास्त जाणवतो. आणि जाहिरातीतले मोठे आकडे बघताना ध्यानात ठेवा, ते बहुधा ऊर्जेचे असतात. संवेग पाव भागाने घटला की ऊर्जा ४४ टक्के घटते, कारण तिथे वर्ग येतो.

---

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा, .२२ वाला. शिकारीतलं मला कळत नाही, आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं ती बंदच आहे. पण रायफल खांद्यावर बसवणं हा आमचा रोजचा धंदा, म्हणून लिहितो.

लोक म्हणतात पॉइंट टू टूला कसला आलाय धक्का. गोळी २.६ ग्रॅम, वेग सव्वातीनशे मीटरच्या आसपास, रायफल सहा-सात किलोची. खांद्याला काही समजत नाही हे खरं. पण नेमाला समजतं. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल मागं सरकायला लागलेली असते. आमच्या रायफलीत ते अंतर जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर. तुमच्या थर्टी-ऑट-सिक्सचा हिशेब वरच्या दादांनी करावा, माझ्या अंदाजानं दोन मिलिमीटरच्या वर जाईल. ती सरक दर वेळी एकसारखी झाली तर गोळ्या एकत्र बसतात. एकदा खांदा घट्ट, एकदा सैल, एकदा गाल दाबलेला, एकदा उचललेला, असं झालं की गोळी गेली कुठल्या कुठं.

आता बघा, आमच्या आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रायफलला मझल ब्रेक चालतच नाही. नळीला भोकं पाडायला पण परवानगी नाही. तरी तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनची (झोपून मारायच्या प्रकाराची) जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्य आणलं. आमच्याकडं सगळं काम बटप्लेट (बट म्हणजे दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक, त्यावरची पट्टी), गालाचा टेकू, पट्टा आणि शरीराची ठेवण यांवर चालतं. बटप्लेट वर-खाली, आत-बाहेर, तिरकी, कशी पण फिरवता येते आणि नीलिंग, प्रोन, स्टँडिंग या तिन्हीला वेगळी लावतात. वहिनींना छातीजवळ लागतंय म्हणजे बट खांद्यावर बसतच नाही, खालचं टोक एकटंच टोचतंय. हे मी इथून बघून सांगितल्यासारखं ठामपणानं सांगतो.

एक चाचणी सांगतो. गोळी सुटल्यावर डोळा उघडा ठेवायचा आणि दुर्बिणीतला काटा कुठं उडतो ते बघायचं. सरळ वर जाऊन परत टार्गेटवर येत असला तर तुम्ही रायफलच्या पाठीमागं बरोबर आहात. तिरका उडून दुसरीकडं थांबत असला तर तुम्ही रायफलला जबरदस्तीनं धरून ठेवलंय. मग नेम नाही बदलायचा, सगळं अंग वळवून बसायचं. तालमीत पाय रोवून धक्का अंगावर घेतात, पण अंग ताठ करत नाहीत, तसंच हे.

---

गणिती_कारागीर

@पंचगंगाकाठ, अंदाज अगदी बरोबर. साधारण ५६ सेंटीमीटरची नळी, गोळी आणि अर्धी दारू मिळून १३.५ ग्रॅम, रायफल ३.२ किलो. गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल २.४ मिलिमीटर मागे आलेली असते. बाकी सगळा दणका गोळी गेल्यानंतरचा. म्हणजे धक्क्याने गोळी फारशी बिघडत नाही, धक्क्याच्या भीतीने बिघडते.

---

माजी_सैनिक_सातारा

सर्वांना रामराम. आम्ही भरती झालो तेव्हा ट्रेनिंग सेंटरमध्ये .३०३ होती. पितळी बटप्लेट, रबर वगैरे काही नाही. पुढे ७.६२ एसएलआर आली, मग इन्सास. खांद्याच्या दृष्टीने सांगायचं तर .३०३ आणि एसएलआर यांचं काडतूस जवळजवळ सारख्याच ताकदीचं. तरी एसएलआरचा धक्का मऊ वाटायचा, कारण गॅसवर चालणाऱ्या रायफलीत सरकणारे भाग मागे जाऊन स्प्रिंग दाबतात आणि तोच धक्का थोड्या लांबलेल्या वेळात खांद्यावर येतो. इन्सास म्हणजे ५.५६, धक्का एसएलआरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आता २०१९ पासून सिग ७१६ आल्या, म्हणजे पुन्हा ७.६२. नव्या पोरांना पुन्हा खांदा शिकवावा लागतो.

विस्कॉन्सिनकर, तुम्हाला उस्तादांनी आम्हाला शिकवलं तेच सांगतो. बट खांद्याच्या खळीत, हाडावर नाही आणि दंडावर तर मुळीच नाही. ती घट्ट आत ओढलेली पाहिजे. पुष्कळ जण धक्क्याला भिऊन बट एक बोट लांब धरतात. मग रायफल वेग घेऊन येते आणि आपटते. चिकटलेली असेल तर ती फक्त ढकलते, कारण मग तुमचं वजन रायफलच्या वजनात मिळतं.

दुसरं. तुम्ही बाकावर बसून, पुढे वाकून मारता का? तसं असेल तर अर्धं दुखणं तिथं आहे. वाकलेल्या माणसाचं अंग मागे हलत नाही, सगळा मार खांदा सोसतो. टेकू उंच करा, पाठ सरळ ठेवा. उभं राहून मारून बघा, तीच रायफल निम्मी वाटेल.

---

विस्कॉन्सिनकर

काका, बाकावर बसूनच मारतो, आणि हो, छातीने टेबलाला टेकून. उद्याच बदलतो.

@गणिती_कारागीर, आकडे बघून पहिल्यांदा नीट कळलं. १५० ग्रेनची काडतुसं घेतली तर फरक पडेल का?

---

गणिती_कारागीर

पूर्ण ताकदीची १५० ग्रेन घेतलीत तर फार नाही. गोळी हलकी होते पण वेग वाढतो, दारू तेवढीच राहते. ३४ चे ३२ होतील.

फरक पाडायचा तर कमी धक्क्याची म्हणून मिळणारी तयार काडतुसं घ्या. हॉर्नडी कंपनीची कस्टम लाइट आहेत, .३०-०६ मध्ये १२५ ग्रेनची गोळी, दारूही कमी. माझ्या हिशेबाने तुमच्या रायफलीत १८-१९ ज्यूल, म्हणजे जवळपास निम्मं. विस्कॉन्सिनच्या दाट रानात हरीण क्वचितच दीडशे मीटरपलीकडे दिसतं, तिथे ही सहज पुरतील. शून्य मात्र नव्याने बांधावं लागेल, म्हणजे दुर्बिणीचा काटा गोळी लागते तिथे पुन्हा जुळवावा लागेल, गोळी वेगळ्याच ठिकाणी लागते.

घरी काडतुसं भरणारे कुणी वाचत असतील त्यांना एक विनंती. "दारू थोडी कमी घातली की झालं" असं करू नका. मंद जळणारी दारू प्रमाणाबाहेर कमी घातली तर दाब घटण्याऐवजी कधी कधी अचानक उसळतो. उत्पादकाने कमी भारासाठी दिलेल्या तक्त्यातली दारू आणि तेवढंच माप.

---

ह्यूस्टन_३०८

मी टेक्सासमध्ये पीआरएस प्रकारच्या (लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीच्या) स्पर्धा खेळतो, त्यामुळे ब्रेकची बाजू मांडतो. इथे इतक्या जणांनी त्याला बाजूला ठेवलेलं बघून राहवलं नाही.

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक रायफलला ब्रेक असतो. काडतूस ६ एमएम, रायफल नऊ-दहा किलोची, म्हणजे खांद्याला तसाही त्रास नाही. तरी ब्रेक का? कारण आपली गोळी कुठे पडली ते आपणच दुर्बिणीतून बघायचं असतं. ६०० मीटरवर पत्र्याच्या डाव्या कडेला माती उडाली की पुढची गोळी तेवढी उजवीकडे, आणि हे सगळं काही सेकंदांत. काटा टार्गेटवरून उडाला तर हे जमत नाही. चांगला ब्रेक मागचा धक्का तर कमी करतोच, नळीचं वर उडणंही आवरतो.

शिकारीलाही हे लागू आहे. हरणाला गोळी लागली की नाही, ते कसं दचकलं, कुठल्या बाजूला पळालं, हे धक्क्यात दिसलं नाही तर माग कुठून काढणार? जखमी जनावराची काळजी असेल तर हा मुद्दा लहान नाही.

बसवताना मात्र चांगल्या गनस्मिथकडे जा. आटे नळीच्या भोकाशी तंतोतंत समकेंद्री हवेत. ब्रेकचं भोक गोळीपेक्षा अर्धा मिलिमीटर जेमतेम मोठं असतं. तिरका बसला तर गोळी आतून घासते.

---

किवी_सह्याद्री

@ह्यूस्टन_३०८, तुमच्या खेळात ब्रेक योग्यच आहे, तिथे सगळ्यांच्या कानांवर दुहेरी संरक्षण असतं. रानात माझा त्याला ठाम विरोध आहे, आणि कारण कान आहेत.

शिकारी रायफलचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या आसपास. अशा क्षणिक आवाजासाठी १४० ही धोक्याची रेषा धरतात. ब्रेक तोच दणका बाजूला आणि मागे, म्हणजे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या कानाकडे वळवतो. रेंजवर कानांवर मफ (आवाज अडवणारी झाकणं) असतात, पण रानात पानांची सळसळ ऐकायची म्हणून निम्मे लोक ते गळ्यात अडकवून ठेवतात आणि हरीण दिसलं की घाईत विसरतात. खांद्याचं काळंनिळं आठवड्यात जातं, कानातली शीळ आयुष्यभर राहते. तुमचे आजोबा म्हणतात त्यात तथ्य आहे. जमिनीवर झोपून मारत असाल तर चहूबाजूंनी भोकं असलेला ब्रेक धूळ आणि बर्फही तोंडावर उडवतो.

मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला असतो. इथे रायफलवर सप्रेसर (सायलेन्सर) सर्रास लावतात आणि रेंजर-शेतकरी सगळे वापरतात. वजन तीनशे-चारशे ग्रॅम. वायू आत अडवून सावकाश सोडतो, त्यामुळे धक्का ब्रेकच्या जवळपास कमी होतो आणि आवाज वीस-तीस डेसिबलने उतरतो. पूर्ण शांत होत नाही, गोळीचा स्वतःचा फटाका राहतोच. पण कान वाचतात. त्याने नळी लांब होते, म्हणून इथे बरेच जण नळी कापून आखूड करून घेतात. नॉर्वे, फिनलंडमध्येही शिकारीत हेच चालतं. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी लागते आणि काही राज्यांत मनाई आहे, विस्कॉन्सिनमध्ये कायदेशीर आहे. चौकशी करून बघा.

थोडं विषयांतर, पण आपल्या लोकांना आवडेल म्हणून लिहितो. इथल्या सदर्न आल्प्समध्ये मी ज्या ताहरच्या (रानबोकडासारख्या प्राण्याच्या) मागे चढतो तो मूळचा आपल्या हिमालयातला. १९०४ मध्ये इंग्लंडहून आणून आओराकी, म्हणजे माउंट कुकजवळ सोडला. इथे त्याला खाणारं कुणी नाही, डोंगरावरची झुडपं-गवत फस्त करतो, म्हणून सरकारच शिकारीला उत्तेजन देतं. त्या चढावर चार किलोची रायफल नको वाटते. म्हणून ७ एमएम-०८, हलकी रायफल आणि सप्रेसर हा माझा तोडगा आहे.

---

तुळशीवृंदावन

चर्चा वाचतेय, माहिती भरपूर आहे. पण मनापासून विचारते, हरणं मारायचीच कशाला? धक्का कमी करून आणखी सोपं कशाला करायचं?

---

विस्कॉन्सिनकर

ताई, प्रश्न रास्त आहे. इथे लांडगे थोड्याच भागात उरलेत आणि हरणं राज्यभर पंधरा लाखांच्या वर आहेत. गाड्यांवर आदळून मरतात, हिवाळ्यात उपासमारीने मरतात, २००२ पासून त्यांच्यात क्रॉनिक वेस्टिंग नावाचा मेंदूचा रोगही पसरलाय. किती मारायची, कुठे मारायची हे सरकार ठरवतं, परमिट तेवढंच मिळतं. मी खातो ते मांस मी स्वतः जबाबदारीने मिळवतो, ही माझी भूमिका. आणि धक्का कमी करायचा तो मारणं सोपं व्हावं म्हणून नव्हे. गोळी नेमकी फुप्फुसांतून जावी आणि जनावर तडफडू नये म्हणून.

---

ट्रॉन्डहाइमची_शमा

दादा, वहिनींसाठी मुद्दाम लिहिते, कारण मला अगदी हाच त्रास होता आणि तो ब्रेकशिवाय गेला.

कारखान्यातून येणारे दस्ते सरासरी उंचीच्या पुरुषाच्या मापाचे असतात. चापापासून बटपर्यंत ३४-३५ सेंटीमीटर. माझ्यासारख्या सव्वापाच फुटी बाईला ते लांब होतं. मग रायफल नीट खांद्यात येत नाही, मान पुढे ताणावी लागते, डावा हात पूर्ण सरळ होतो आणि बट घसरून दंडावर जाते. मी दस्ता तीन सेंटीमीटरने आखूड करून घेतला.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे बटचा कोन. बटची खालची टोकदार बाजू बायकांच्या छातीत रुततेच. गनस्मिथने बट थोडी तिरकी कापली, खालचं टोक पुढे आणि किंचित बाहेरच्या बाजूला घेतलं. त्यावर अडीच सेंटीमीटरचं मऊ रबरी पॅड. त्यानंतर काळंनिळं होणं थांबलं ते कायमचं. पंचगंगाकाठ यांनी खालच्या टोकाचं सांगितलंय ते शंभर टक्के खरं आहे.

नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आधी तीस गोळ्यांचा सराव, मग १०० मीटरवर रेनडियरच्या चित्रावर पाच गोळ्या, पाचही वर्तुळात. त्यामुळे धक्क्याने घाबरवणारी रायफल ठेवून इथे चालत नाही. माझी ६.५×५५ आहे. १८९४ चं काडतूस, आजही इथे याच काडतुसाने एल्क (अमेरिकेत ज्याला मूस म्हणतात तो) मारतात. १५६ ग्रेनची लांब, सावकाश गोळी खोल जाते आणि खांद्याला त्रास नाही. एल्कला पुरतं ते तुमच्या हरणाला पुरून उरेल.

---

पंचगंगाकाठ

ताई, एक नंबर लिहिलंय. छोट्या काडतुसाबद्दल भर घालतो. ३०० मीटरच्या मोठ्या बोअरच्या स्पर्धेत ८ एमएमपर्यंत कुठलंही काडतूस चालतं. तरी आज जगातले बहुतेक नामवंत तिथं ६ एमएम बीआर घेऊन उतरतात. ज्याला हवं ते घ्यायची मुभा आहे तो कमी धक्क्याचं घेतो. उभ्यानं, गुडघ्यावर आणि झोपून एवढ्या गोळ्या मारायच्या म्हणजे खांद्यानं शेवटच्या गोळीपर्यंत साथ द्यायला पाहिजे.

---

एफक्लास_नाशिक

माझ्या एफ-टीआर प्रकारातही, म्हणजे बायपॉडवर टेकवून लांबच्या टार्गेटवर मारायच्या स्पर्धेतही, ब्रेक चालत नाही. फक्त .२२३ किंवा .३०८, आणि बायपॉडसकट ८.२५ किलोची मर्यादा. त्यामुळे सगळे त्या मर्यादेच्या काठापर्यंत वजन भरतात. दस्त्यात शिसं घालणं हा सर्वांत स्वस्त उपाय. विस्कॉन्सिनकर, तुमच्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची बट पोकळ असेल. पॅडचे दोन स्क्रू काढून आत शिशाचे छर्रे इपॉक्सीत कालवून अर्धा किलो भरा. सुटे छर्रे नकोत, खुळखुळतात. फार मागे भरलं तर रायफल पुढून हलकी होते आणि नळी जास्त उडते, म्हणून थोडं वजन पुढच्या भागातही घाला.

आणखी एक. रेंजवर शिशाच्या पिशव्यांनी जखडून ठेवायचा स्टँड मिळतो, त्यावर फार वजन टाकू नका. रायफल मागे सरकायला जागाच राहिली नाही की तो सगळा जोर दस्ता आणि दुर्बिणीच्या रिंगा सोसतात. लाकडी दस्ते मनगटाशी चिरलेले मी पाहिलेत.

---

माजी_सैनिक_सातारा

आता भीतीचं सांगतो, कारण पॅड, शिसं, ब्रेक सगळं लावलं तरी एकदा अंगात बसलेली दचक आपोआप जात नाही.

रेंजवर सौभाग्यवतींना किंवा आजोबांना शेजारी बसवा. तुम्ही मान फिरवा. त्यांनी कधी खरं काडतूस, कधी डमी (नकली काडतूस) भरून रायफल तुमच्या हातात द्यावी. नळी कायम टार्गेटकडे. तुम्हाला माहीत नसतं आत काय आहे. डमीवर चाप पडला आणि नळी खाली बुडाली, की दोष दोघांनाही दिसतो. नळी स्थिर राहेपर्यंत डमी जास्त, काडतुसं कमी. घरी रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज थोडा कोरडा सराव, म्हणजे काडतुसाशिवाय चाप ओढणं.

जमलं तर एक .२२ घ्या. खर्च कमी, धक्का नाही, चाप आणि श्वास तिथेच पक्के होतात. मोठी रायफल एका बैठकीत थोडीच झाडा. खांदा दुखायला लागल्यावर मारलेली प्रत्येक गोळी चुकीची सवय पक्की करते.

आणि कानात आधी बोळे, वरून मफ, दोन्ही. पुष्कळांची दचक धक्क्याची नसून आवाजाची असते, हे पलटणीत फार वेळा पाहिलं.

---

ह्यूस्टन_३०८

काकांचं शेवटचं वाक्य अगदी पटलं. माझ्या क्लबात नवीन माणसाला ब्रेकवाल्याच्या शेजारच्या जागेवर बसवत नाहीत ते याचसाठी. किवी_सह्याद्री, सप्रेसर मिळत असेल तर शिकारीसाठी तोच बरा, हे मान्य. पण लांबच्या टार्गेटसाठी माझा ब्रेक मी सोडणार नाही.

---

विस्कॉन्सिनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत केलेलं सांगतो.

टेकू उंच केला, पाठ सरळ ठेवून बसलो, बोळे आणि मफ दोन्ही घातले. कमी धक्क्याची १२५ ग्रेनची काडतुसं आणली. डमीचा प्रयोग आजोबांनी करवून घेतला. नळी केवढी बुडत होती ते बायकोने फोनवर टिपून दाखवलं. आता बरीच स्थिर झाली आहे आणि गोळ्या पुन्हा एकत्र बसतायत. दस्त्यात शिसं भरायचं काम या शनिवारी.

बायकोसाठी वेगळी रायफल घ्यायचं ठरलं, ६.५ क्रीडमूर, आखूड दस्त्याची. गनस्मिथ बटचा कोन तिच्या अंगावर बघूनच कापणार आहे. शमाताई, तुमचं लिहिलेलं तिने दोनदा वाचलं.

एक शंका. माझ्या रायफलला जाड पॅड लावतोय. नोव्हेंबरात इथे उणे दहा तापमान, अंगावर जाड कोट. दस्ता फार लांब होईल का? आणि दुर्बीण तशीच ठेवायची की हलवायची? एकदा भुवईला तिची कडा लागून चंद्रकोरीसारखा काप पडलेला आजोबांच्या मित्राच्या कपाळावर पाहिलाय.

---

ट्रॉन्डहाइमची_शमा

वहिनींना सांगा, माप देताना शिकारीचा कोट घालून जा. मी उन्हाळ्यात टी-शर्टवर माप दिलं असतं तर हिवाळ्यात दस्ता पुन्हा लांबच झाला असता. तुम्हीही तेच करा. पॅडमुळे दीड-दोन सेंटीमीटर वाढणार असतील तर तेवढा दस्ता कापूनच पॅड बसवून घ्या. पॅडची वरची कड गोल करून घ्या, नाहीतर रायफल झटकन खांद्याला लावताना ती कोटात अडकते.

---

एफक्लास_नाशिक

दुर्बीण हलवावीच लागेल. दस्ता लांब झाला की डोळा तेवढा मागे जातो आणि तुम्ही नकळत मान पुढे नेता, भुवईला काप पडतो तो असाच. .३०-०६ ला डोळा आणि काच यांत किमान नऊ सेंटीमीटर अंतर ठेवा. कोट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. दुर्बीण सर्वांत जास्त मोठं दाखवते त्या आकड्यावर ठेवून हे तपासा, कारण तिथे डोळ्याची जागा सर्वांत नेमकी लागते. आणि हे झोपून, बसून, उभ्याने, तिन्ही तऱ्हेने बघा. झोपल्यावर डोळा सर्वांत पुढे येतो, अंतर त्यावरून ठरवा. रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्याने, रिंगा बनवणाऱ्याने दिलेल्या मापाने आवळा. मग १०० मीटरवर, मोसमात वापरणार त्याच काडतुसाने, शून्य पुन्हा बांधा.